विमल, घर सापडलं

विमल, काल दुपारपर्यंत मी चारचौघींसारखी तुझ्यासाठी रडत होते. काल दुपारनंतर मात्र मला तुझ्याशी कडकडून भांडायचं आहे, आणि तू नाहीस. शेवटचा शब्द कधी दुसऱ्याला न देणारी बाई तू, आणि नेमकं भांडायची वेळ आली तेव्हा निघून गेलीस. मला हे अजून पटलेलं नाही.

बुधवारी सकाळी तुझी सून वर आली तेव्हा मी चहा गाळत होते. ‘काकू, आई उठत नाहीत,’ म्हणाली. मी म्हटलं, ‘दमली असेल, झोपू दे की जरा.’ मग तिच्या तोंडाकडे पाहिलं. जिना उतरून तुझ्या खोलीत आले तेव्हा गाळणी माझ्या हातातच होती. तू कुशीवर, एक हात उशीखाली घेऊन पडली होतीस, अगदी रोजच्यासारखी. आदल्या संध्याकाळी याच जिन्यात उभं राहून तू मला बजावलं होतंस, ‘उद्या कटकट गेटाकडून जाऊ. पाचला तयार राहा, नायतर तुझी वेणीफणीच संपत नाय.’ डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं. ज्या बाईचे गुडघे कधी कुरकुरले नाहीत तिचं हृदय असं कुणाला न विचारता थांबतं? तुझ्या पोरानं मला हाताला धरून खुर्चीत बसवलं. रडण्याच्या आधी माझ्या डोक्यात काय आलं माहीत आहे? आता कटकट गेटाकडून जायचं की नाही, हे तुला विचारायला हवं.

भेटायला येणारे विचारतात, तुमची ओळख किती जुनी? मी सांगते, शेजारी होतो. पातेल्याची गोष्ट त्यांना कुठे सांगत बसू?

यांची बदली या शहरात झाली तेव्हा सांगलीला माझ्या आत्यानं डोळ्यांना पदर लावला होता. ‘निजामाच्या मुलखात चाललीस, जपून राहा गं.’ पोलीस ॲक्शन होऊन वीस-पंचवीस वर्षं लोटली होती, निजाम कधीच गेला होता. पण आत्याच्या लेखी तो अजून तिथेच बसलेला होता. मीही मनात थोडी भिऊनच आले. औरंगपुऱ्यातल्या त्या माडीवर आपल्या दोघींच्या खोल्यांमध्ये एक पत्र्याचा पडदा, त्यामुळे तुझ्या भाकरीची थाप माझ्या खोलीत ऐकू यायची आणि माझ्या सासूबाईंचं बोलणं तुझ्या खोलीत. मी महिनाभर घर ते मंडई, मंडई ते घर एवढंच केलं. एक दिवस दुपारी तू दारात उभी राहिलीस.

‘शालूताई, सगळा दिस घरातच काहून बसायलात?’

‘जाणार कुठे? आणि काय काम काढून?’

‘काम कशाला लागतंय? गाव बघायला. मी बी नवीच हाय हितं.’

तू कन्नडच्या पुढच्या खेड्यातली. लग्नाआधी वडिलांबरोबर कधी कापड घ्यायला आली असशील तेवढंच शहर तुला माहीत. पण बायामाणसांनी भर दुपारी नुसतंच हिंडायचं म्हणजे काय, लोक काय म्हणतील, असं मी म्हटलं. त्यावर तू आत गेलीस आणि पितळी पातेलं घेऊन बाहेर आलीस. ‘हे घ्यायचं हातात. कुनी विचारलं तर म्हनायचं, कल्हईवाला हुडकायलोत.’

या एका पातेल्यावर आपण शहर पाहिलं, विमल. गुलमंडी, सिटी चौक, शहागंज, राजाबाजार. मग धीर वाढला तशी चेलीपुरा, किराडपुरा, खाम नदी ओलांडून बेगमपुरा. घरची जेवणं आटोपली की निघायचं आणि पोरं शाळेतून यायच्या आत परत. गल्लीच्या तोंडाशी कुणी म्हातारा रोखून पाहू लागला की तू पातेलं पुढे करायचीस. सगळ्यांना आपली दया यायची. इथला कल्हईवाला गावाला गेलाय, पलीकडच्या मोहल्ल्यात बघा, असं कुणी सांगितलं की तू खुशीनं ‘व्हय का’ म्हणायचीस आणि आपण पलीकडच्या मोहल्ल्यात. एकदा एक कल्हईवाला खरंच समोर आला. भाता, कोळसे, नवसागराचा तो नाकात चढणारा धूर, सगळं मांडून बसलेला. तू पदराखाली पातेलं झाकलंस आणि असली पळत सुटलीस की मला हसून हसून भिंत धरावी लागली.

आणि चूक तिथेच होती. कळकट भांडं घेऊन लोकांत कसं जायचं, म्हणून तू निघायच्या आधी ते पातेलं चिंच आणि राखेनं घासून लखलखीत करायचीस. आतून त्याला कन्नडच्या बाजारात नुकतीच कल्हई झालेली. इतक्या गल्ल्या फिरलो, इतक्या पुरुषांना दाखवलं, एकाच्याही लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते एका बाईच्या.

त्या दिवशी जुन्या बाजाराच्या मागून आपण एका अरुंद बोळात शिरलो, तिथून आणखी एकात, आणि एका अंगणाच्या दाराशी येऊन थांबलो. पुढे वाटच नव्हती. अंगणात डाळिंबाचं झाड, त्याखाली लाकडी तख्त, तख्तावर आपल्याहून थोडी मोठी बाई तांदूळ निवडत बसलेली. तू नेहमीप्रमाणे पातेलं पुढे केलंस. तिनं ते घेतलं, आत डोकावली आणि खळखळून हसली.

‘इसको कलई? इसमें तो मेरा मुँह दिख रा! सच बोलो, घूमने निकले ना तुम दोनों?’

मी तर मागे फिरायला निघाले. तू सरळ म्हणालीस, ‘हौ.’

‘फिर बैठो. घूमनेवाले लोगां को भूख लगती.’

नाव रजियाबी. त्यांनी चहा दिला, त्यात बुडवून खायला नान दिला. तू पहिला घास घेतलास आणि माझ्याकडे बघितलंस. सासूबाईंना कळलं तर, हे माझ्या तोंडावर लिहिलेलंच असणार. मी खाल्ला. इतका चांगला चहा या शहरात मला तोवर कुणी दिला नव्हता. निघताना त्या म्हणाल्या, ‘पुलिस ॲक्शन हुआ, आधी गली खाली हो गई. तबसे बाहर का कोई आके इस तख्त पे नहीं बैठा. तुम पैले.’ मग त्यांनी आपलं पातेलं ठेवून घेतलं. ‘बरतन यहीं रहने दो. बरतन लेने तो आना पड़ेगा ना?’

येतो म्हणून शब्द दिला आपण. परतीच्या वाटेवर गुलमंडीपाशी आल्यावर म्हणालीस, ‘आमच्याकडं त्याच्या आधीचं साल लई वाईट गेलं. रझाकार आले व्हते. माझा चुलता त्यात गेला.’ मी पुढे विचारलं तर, ‘सोड गं. चल, पोरं आली असतील.’ तो विषय तू माझ्यापाशी पुन्हा कधी काढला नाहीस. मीही काढला नाही.

आणि मग ते घर हरवलं! पुढच्या आठवड्यात गेलो तर बोळ सापडेना. पुन्हा गेलो, सापडेना. कुणाला नीट विचारावं तर रजियाबीचं घर एवढ्यावर कोण सांगणार? मी म्हणायची चेलीपुरा. तू म्हणायचीस, चेलीपुरा कसला, रोशन गेटाच्या आत. यावरून आपण मंडईत, जिन्यात, लग्नाच्या पंगतीत भांडलो. तुझ्या सासूबाईंनी पातेल्याची चौकशी केली की तू सांगायचीस, कल्हईवाल्याकडं टाकलंय. त्या बिचाऱ्या जाईपर्यंत ते कल्हईवाल्याकडेच होतं.

एखादं भांडं शोधायला कुणी इतकी वर्षं घालवत नाही, हे मलाही कळत होतं. पण त्या बाईनं आपल्यावर विश्वास ठेवला आणि आपण गेलो नाही, ही टोचणी होती. कुठेतरी वाटायचं, ती अजून दाराकडे बघत असेल. शोधायचं हे ठरलेलंच होतं. पुढे माडी पडली, समर्थनगरात मी वर आणि तू खाली असे फ्लॅट झाले, पोरांची लग्नं झाली, शहराचं नावसुद्धा बदललं, तरी शोध काही थांबला नाही. निदान मला तसं वाटत होतं.

हे गेले तेव्हाचं तुला आठवतं? मी दाराबाहेर पाऊल टाकेनाशी झाले. मुलगा म्हणे देवळात जा, सून म्हणे बागेत जा, मी आपली भिंतीकडे तोंड करून. तू रोज यायचीस, बसायचीस, काही बोलायची नाहीस. आणि एक दिवस आलीस ती लगबगीनं. ‘शालू, ऊठ. काल मला सपनात दिसलं. त्या घराम्होरं हौद व्हता.’

‘हौद? हौद कुठे होता?’

‘व्हता म्हनते ना! तू चहा पिण्यात गुंग. चल, हौदाच्या गल्ल्या बघू.’

तुला खोटं पाडण्यासाठी म्हणून मी उठले. चपला सापडेनात इतके दिवस झाले होते बाहेर पडून. त्यानंतर तुला काय काय आठवलं, विमल! कधी घरामागं जुन्या पाण्याच्या नहरीचा मनोरा होता, कधी समोर कबुतरांची ढाबळ होती, कधी दाराला निळा रंग होता, कधी पिठाच्या गिरणीचा आवाज येत होता. नहरीच्या मनोऱ्यामागे मी बेगमपुरा पालथा घातला, कबुतरांपायी किराडपुरा. प्रत्येक वेळी मी सांगायची, तुला भ्रम झालाय, आणि प्रत्येक वेळी निघायची. वाटेत लोक ओळखीचे झाले, कुणाकडे पाणी, कुणाकडे पेरू. सांगलीची मी, पण आज मला डोळे बांधून या गावात सोडलं तर वासावरून गल्ली सांगेन. फक्त गुरुवारी तू यायची नाहीस. ‘गुरुवारी मला देवळात जायचं असतंय.’ मी म्हटलं, असेल नवस.

काल गुरुवार होता.

दुपारी तुझ्या घरी आम्ही सतरंजीवर बसलो होतो. तुझ्या भावाकडची माणसं आली होती. तेवढ्यात दारात बुरखा घातलेली एक बाई आली. पोरं कॉलेजात असतील एवढ्या वयाची. तिनं आत पाहिलं, तुझ्या फोटोला घातलेला हार पाहिला आणि तिथेच उंबऱ्यावर बसली. ‘विमल खाला,’ एवढंच म्हणाली आणि हुंदके द्यायला लागली. तुझा मुलगा माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. तुला खाला, म्हणजे मावशी, म्हणणारी ही कोण? तुझ्या सुनेनं पाणी दिलं. ती सांगू लागली की आज सकाळपासून वाट बघितली, चहा ठेवलेला निवून गेला, खाला कधी चुकत नाहीत म्हणून पत्ता काढत आले. मग डोळे पुसून तिनं विचारलं, ‘इसमें शालूबाई कौन?’

मी हात वर केला, शाळेतल्या पोरीसारखा.

‘मैं शमीम. रजियाबी की बहू.’

विमल, तू गेलीस तेव्हा माझ्या हातातून गाळणी पडली नव्हती. काल हातातला पेला पडला.

तिनं सगळं सांगितलं. तुला ते घर कधीच सापडलं होतं. शहागंजात बांगड्यांच्या दुकानात रजियाबींचा आवाज ओळखलास आणि त्यांच्या मागोमाग घरापर्यंत गेलीस. शमीम लग्न होऊन यायच्याही आधीची ही गोष्ट. तेव्हापासून दर गुरुवारी तू तिथे. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं? शमीमनं मान खाली घातली. ‘अम्मी बी पूछते थे, वो दूसरी कहाँ है, उसकू लाओ ना. खाला बोलते, घर मिल गया तो वो अपने घर में बैठ जाती. ढूंढने दो उसकू.’

आणि पातेलं? ते रजियाबींनी धाकट्या मुलीच्या लग्नात देऊन टाकलं, ते जालन्याला आहे. यावर तुझा मुलगा रडता रडता हसला. मला हसू आलं नाही.

मला लहान पोर समजलीस का तू? इतकी वर्षं मी वणवण केली, आणि तू ते घर पदराखाली झाकून माझ्याबरोबर चालत राहिलीस? हौद म्हणे! नहरीचा मनोरा म्हणे! मी त्या मनोऱ्यावरून तुझ्याशी दोन दिवस बोलले नव्हते. मला चिऊकाऊचे घास भरवावेत तसं केलंस सगळं. मला सांगून नेलं असतंस तरी मी तुझ्याबरोबर हिंडले असते, असं मी काल दुपारी तुझ्या फोटोला ठणकावून सांगितलं. मनातल्या मनात, अर्थात. आणि लगेच मला ती भिंत आठवली, तोंड करून बसले होते ती. खरं सांगू? नसते उठले. चहाला चल म्हणाली असतीस तर मी म्हटलं असतं, तू जाऊन ये. तुला खोटं पाडायचं होतं म्हणूनच मी उठले. मला तू माझ्याहून जास्त ओळखत होतीस, याचा राग येतो आणि त्याच दमात तुझे पाय धरावेसे वाटतात.

पण दुसरी गोष्ट जास्त लागली. मी शमीमला विचारलं, काय बोलत असायच्या दोघी? ती म्हणाली, ‘वही पुराने बाताँ. अम्मी अपने भाई के लिए रोते, पुलिस ॲक्शन में गए सो वापस नहीं आए. खाला अपने चाचा के लिए रोते. फिर दोनों मुँह धोके चाय पीते.’ तुझा चुलता, विमल. माझ्यापाशी तो एका वाक्यात आला आणि एका वाक्यात गेला. माझ्या घरातलं त्यात कुणी गेलं नव्हतं. मला तू सांगितलं असतंस तर मी हळहळले असते, तुझ्या पाठीवरून हात फिरवला असता, आणि तुला ते नको होतं. तुला जे हवं होतं ते त्या तख्तावर होतं. हे मला समजतं. समजलं म्हणून कमी दुखत नाही. मला एकदा तरी विचारायचं होतं, कसा होता गं तुझा चुलता? आता कुणाला विचारू?

शमीम उठताना माझ्याजवळ आली. रजियाबी आता फार उठत नाहीत, डोळ्यांना दिसत नाही, आणि तू गेलीस हे त्यांना कुणी सांगायचं? ‘मेरे से नहीं होता. तुम चलके बोलो.’ तुझा मुलगा म्हणाला, काकू, मी गाडीनं सोडतो. मी नको म्हटलं. त्या घरी मी गाडीतून जाणार होते की काय?

आम्ही औरंगपुऱ्यातून गुलमंडी, तिथून सिटी चौकाकडे निघालो. मला वाटत होतं आता शमीम चेलीपुऱ्याकडे वळेल, निदान रोशन गेटाकडे. ती अत्तराच्या दुकानाच्या कोपऱ्याला वळली. त्या कोपऱ्याला! तिथून आपण आठवड्याला दोनदा जायचो आणि प्रत्येक वेळी तू माझं कोपर धरून मला पलीकडे ओढायचीस, ‘हिकडून नको, चिखल असतोय.’ भर उन्हाळ्यात चिखल, आणि मी कधी वर मान करून पाहिलं नाही. आत गेल्यावर कळलं की पहिल्या वेळी आपण पलीकडच्या बाजूनं, अंगणाच्या दारानं शिरलो होतो, आणि हे घराचं दुसरं दार. तो बोळ त्यानंतर लगेचच कुणीतरी भिंत बांधून बंद केला. चेलीपुराही नाही आणि रोशन गेटही नाही. दोघीही हरलो, म्हणजे एक तरी भांडण मिटलं.

वाटभर मी वाक्यं जुळवत होते. आधी तब्येत बरी नाही म्हणून सांगावं, मग हळूच. की आजच सांगू नये? आयुष्यभर ज्या दाराला पोचायचं होतं त्या दाराशी मी पोचत होते आणि पाय मागे ओढत होते.

रजियाबी खोलीत पलंगावर, उशांना टेकून, तोंड दाराकडे करून बसल्या होत्या. केस पांढरेशुभ्र. चाहूल लागली तशी त्यांनी मान वर केली.

‘कौन? विमल आई क्या?’

‘नहीं अम्मी,’ शमीम म्हणाली, ‘शालूबाई आए.’

‘शालू?’ त्यांचा सगळा चेहरा हसला. ‘वो ढूंढनेवाली? आओ, आओ बेटा.’ त्यांनी हात पुढे केला. मी तो धरायला वाकले, आणि माझ्या हातात येण्याआधीच तो थांबला. हसूही थांबलं.

‘तुमकू घर कैसे मिला?’

जुळवलेलं एकही वाक्य तोंडाशी येईना.

‘विमल तो बोलती थी, मैं जब तक जिंदा हूँ, शालू को ये घर नहीं मिलने देती.’ त्या थोडा वेळ माझ्या श्वासाचा अंदाज घेत राहिल्या. मग माझं मनगट घट्ट धरून म्हणाल्या, ‘तो गई वो. गई ना?’

मला सांगावं लागलं नाही, विमल. तुला अंथरुणावर पाहिलं, तुला नेताना पाहिलं, तुझ्या फोटोपुढे बसून राहिले, तरी मला ते खरं वाटलं नव्हतं. काल त्या घरात मी उभी होते, आणि तू असतीस तर मी तिथे नसते. रजियाबींच्या पलंगाची कड धरून मी मोठ्यानं रडले.